पेतायावेसी येथील जुने लाकडी चर्च : इतिहास, वास्तुरचना आणि जतनाचे प्रश्न

सारांश

फिनलंडच्या मध्यभागातील पेतायावेसी या गावी १७६३ ते १७६५ या काळात उभारलेले ल्यूथरपंथी चर्च हे उत्तर युरोपातील ग्रामीण लाकडी वास्तुपरंपरेचे प्रातिनिधिक उदाहरण मानले जाते. १९९४ मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. स्थानिक सुताराने बांधलेल्या या इमारतीत प्रबोधनकालीन केंद्रवर्ती आराखडा, गॉथिक परंपरेतून आलेली कमानछताची कल्पना आणि शेतकरी समाजाचे ओंडकाकाम यांचा मेळ दिसतो. प्रस्तुत लेखात या चर्चची ऐतिहासिक पार्श्वभूमी, रचनातत्त्वे आणि जतनाचे प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ल्यूथरपंथ, लाकडी वास्तुकला, ओंडकाकाम, लोककारागीर, जागतिक वारसा, जतन.

प्रस्तावना

वास्तुकलेचा इतिहास प्रामुख्याने राजे, धर्मपीठे आणि नामवंत वास्तुविशारद यांच्याभोवती लिहिला गेला आहे. चिरेबंदी मंदिरे, भव्य कॅथेड्रल आणि राजवाडे यांची दखल या इतिहासाने आवर्जून घेतली. ज्या इमारती खेड्यातील लोकांनी स्वतःच्या गरजेसाठी, जवळच्या रानातील लाकूड वापरून आणि गावातील कारागिराच्या हातून उभ्या केल्या, त्यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. लाकूड हे नाशवंत साहित्य असल्यामुळे अशा अनेक इमारती नोंद होण्यापूर्वीच नाहीशा झाल्या.

पेतायावेसीचे जुने चर्च या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ते आकाराने लहान आहे, त्याला राजाश्रयाचा इतिहास नाही आणि ज्याने ते बांधले तो कोणत्याही वास्तुविद्यालयात शिकलेला नव्हता. असे असूनही मध्ययुगीन परंपरा, प्रबोधनकालीन विचार आणि लोककारागिरी यांचा संगम या एका वास्तूत पाहावयास मिळतो. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे ही वास्तू टिकून राहण्यामागे काही काळ कोणाचाही जाणीवपूर्वक प्रयत्न नव्हता. तिच्या जतनाची कथा म्हणूनच विचार करावयास लावणारी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पेतायावेसी चर्चच्या उभारणीमागील धार्मिक व सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) ओंडकाकामाची पद्धती आणि क्रूसाकृती आराखडा यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) चर्चच्या अंतर्भागातून व्यक्त होणाऱ्या ल्यूथरपंथी उपासनेच्या स्वरूपाचा विचार करणे.
४) लाकडी धार्मिक वास्तूंच्या जतनासंबंधीच्या प्रश्नांचा आढावा घेणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अठराव्या शतकात फिनलंड हा स्वतंत्र देश नव्हता. मध्ययुगापासून १८०९ पर्यंत हा प्रदेश स्वीडनच्या राज्याचा भाग होता. १८०९ नंतर तो रशियन साम्राज्यातील एक ग्रँड डची म्हणून राहिला आणि १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. म्हणून पेतायावेसीच्या चर्चचा पाया स्वीडिश राजवटीत घातला गेला, त्याचा घंटामनोरा रशियन राजवटीत उभा राहिला आणि त्याचा जीर्णोद्धार स्वतंत्र फिनलंडमध्ये झाला. एका लहानशा वास्तूने तीन राजवटी पाहिल्या.

स्वीडनमध्ये धर्मसुधारणेचा प्रारंभ १५२७ मध्ये व्हेस्टेरोस येथील राज्यसभेच्या निर्णयांनी झाला. राजा गुस्ताव वासा याने चर्चची मालमत्ता राज्याच्या ताब्यात आणली. पुढे १५९३ च्या उप्साला धर्मसभेत ल्यूथरपंथ हा राज्याचा अधिकृत पंथ म्हणून निश्चित झाला. फिनलंडमध्ये या चळवळीचे नेतृत्व मिकाएल अग्रिकोला यांनी केले. त्यांनी १५४३ च्या सुमारास फिनिश भाषेतील पहिली अंकलिपी प्रसिद्ध केली आणि १५४८ मध्ये नव्या कराराचे फिनिश भाषांतर छापून आणले. संपूर्ण बायबल फिनिशमध्ये १६४२ साली उपलब्ध झाले. देववचन लोकभाषेत ऐकले आणि वाचले गेले पाहिजे, हे ल्यूथरपंथाचे मूलभूत सूत्र होते. १६८६ च्या स्वीडिश चर्च कायद्याने सामान्य जनांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी पाळकांवर सोपविली आणि वाचता येणे ही श्रद्धावंताची आवश्यक पात्रता ठरू लागली.

या घडामोडींचा चर्चच्या इमारतीशी निकटचा संबंध आहे. मध्ययुगीन उपासनेत वेदीवरील विधीला प्राधान्य होते. मंडळी तो विधी दुरून पाहत असे. ल्यूथरपंथी उपासनेत प्रवचनाचे महत्त्व वाढले. त्यामुळे लोकांना बसता यावे आणि पाळकाचा शब्द प्रत्येकापर्यंत पोहोचावा, अशा सभागृहाची गरज निर्माण झाली.

फिनलंडच्या अंतर्भागात ही गरज पूर्ण करणे सोपे नव्हते. वस्ती विरळ होती आणि पॅरिशचे, म्हणजे धर्मग्रामाचे क्षेत्र फार विस्तीर्ण असे. पेतायावेसीचे रहिवासी यॅमसा या मोठ्या पॅरिशच्या कक्षेत येत. मुख्य चर्च दूर असल्याने अशा वस्त्यांमध्ये उपचर्च बांधण्याची प्रथा होती. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या आयुष्यातील तिन्ही प्रसंगी चर्चला जावेच लागे. तान्ह्या मुलाला घेऊन किंवा शवपेटी घेऊन कित्येक कोस जाण्याचा प्रश्न असेल, तेव्हा गावात चर्च असणे ही सोयीपेक्षा मोठी बाब ठरते.

स्थाननिश्चिती

फिनिश भाषेत ‘पेताया’ म्हणजे पाईन वृक्ष आणि ‘वेसी’ म्हणजे पाणी. गावाच्या नावातच चर्चच्या उभारणीची दोन साधने सामावलेली आहेत. पाईनच्या रानाने लाकूड पुरविले आणि पाण्याने वाट दिली.

सुमारे ६२ अंश उत्तर अक्षांशावरील हे गाव यिवास्किला या शहराच्या पश्चिमेस आहे. सरोवरे एकमेकांना मिळतात त्या ठिकाणी पाण्यात शिरलेल्या भूभागावर चर्चची जागा निवडण्यात आली. रस्ते जवळजवळ नसलेल्या या प्रदेशात जलमार्ग हाच हमरस्ता होता. उन्हाळ्यात लोक होड्यांनी येत आणि हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून घसरगाड्यांनी किंवा पायी येत. फिनलंडच्या सरोवर प्रदेशात अनेक वाड्यांनी मिळून वल्ह्यांची लांब ‘चर्चहोडी’ बाळगण्याची प्रथा होती. रविवारचा हा सामूहिक जलप्रवास ग्रामीण समाजजीवनाचा भाग होता. नकाशावर आडवळणी वाटणारी ही जागा त्या काळच्या दळणवळणाच्या दृष्टीने मध्यवर्ती होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

उभारणी आणि कारागीर

चर्चचे बांधकाम १७६३ ते १७६५ या काळात झाले. मुख्य कारागीर होता याको क्लेमेतिनपोइका लेप्पानेन. ‘क्लेमेतिनपोइका’ याचा अर्थ ‘क्लेमेत्तीचा मुलगा’. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि कुळाचे नाव ही रचना मराठी वाचकाला परिचित आहे. लेप्पानेन घराण्यात बांधकामाचे कौशल्य पिढीजात चालत आले. याकोचा नातू एर्की लेप्पानेन याने १८२१ मध्ये चर्चच्या पश्चिम बाजूस घंटामनोरा बांधला.

अशा चर्चसाठी लाकूड तोडणे, ते हिवाळ्यात बर्फावरून ओढून आणणे आणि मजुरी पुरविणे हे काम पॅरिशमधील शेतकरी कुटुंबांवर असे. मुख्य मिस्त्रीकडे आराखडा आणि कामाचे नियोजन असे. कागदावरील नकाशापेक्षा पूर्वी पाहिलेल्या इमारती, हातातील मापे आणि गुरूकडून मिळालेले ज्ञान हेच त्याचे आधार होते.

या संदर्भात एक कालखंड महत्त्वाचा ठरतो. १७७६ मध्ये राजा गुस्ताव तिसरा याच्या आदेशाने चर्च व अन्य सार्वजनिक इमारतींचे नकाशे स्टॉकहोम येथील शासकीय बांधकाम कार्यालयाकडे मंजुरीसाठी पाठविणे बंधनकारक झाले. त्यानंतर राजधानीतील अभिजात अभिरुची दूरच्या खेड्यांतही पोहोचू लागली आणि लोककारागिराचे स्वातंत्र्य कमी झाले. पेतायावेसीचे चर्च या आदेशाच्या सुमारे एक तप आधी पूर्ण झाले. जवळच्याच केउरू येथील जुने चर्चही याच सुमारास, १७५० च्या दशकात, आन्त्ती हाकोला या मिस्त्रीने बांधले. लोककारागिराने स्वतःच्या विवेकाने घडविलेल्या चर्चच्या बहराच्या काळातील या दोन वास्तू आहेत.

वास्तुरचना

अ) ओंडकाकामाचे तंत्र

पेतायावेसी चर्चच्या भिंती पाईनच्या ओंडक्यांच्या आहेत. या पद्धतीत ओंडके कुऱ्हाडीने तासून एकावर एक आडवे रचले जातात. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके खाचांमध्ये परस्परांत अडकविले जातात. दोन थरांमधील फटीत वारा शिरू नये म्हणून शेवाळ भरले जाते. भिंतीचे संपूर्ण वजन आणि कोपऱ्यातील खाचा यांमुळे इमारत घट्ट राहते. येथे भिंत हीच रचनेचा सांगाडा असते. त्यामुळे खांब आणि तुळया यांवर उभ्या असलेल्या इमारतींपेक्षा तिचे वर्तन वेगळे असते.

लाकूड वाळताना त्याची लांबी फारशी बदलत नाही, परंतु जाडी कमी होते. आडव्या रचलेल्या प्रत्येक ओंडक्याची जाडी थोडी घटली तरी संपूर्ण भिंतीची उंची लक्षणीय प्रमाणात खाली बसते. म्हणून खिडकी व दरवाजा यांच्या चौकटींवर मोकळी जागा सोडावी लागते. भिंत बसण्याचा हा काळ कारागिराला हिशेबात धरावा लागे. अनुभवातून आलेले हे ज्ञान लिखित स्वरूपात नव्हते, तरी ते शास्त्रशुद्ध होते.

आ) क्रूसाकृती आराखडा

ओंडकाकामाची मोठी मर्यादा म्हणजे झाडाची लांबी. भिंत ओंडक्यापेक्षा लांब हवी असेल तर जोड द्यावा लागतो. जोड दिलेली लांब, सरळ भिंत वाऱ्याने किंवा छताच्या भाराने बाहेर फुगण्याचा धोका असतो. या प्रश्नावर फिनलंडमध्ये दोन प्रमुख उपाय योजले गेले. पहिला उपाय म्हणजे लांब भिंतीत ठरावीक अंतरावर ओंडक्यांचे पोकळ चौकोनी आधारस्तंभ गुंफणे. अशी चर्च पश्चिम किनारपट्टीच्या ओस्त्रोबोथनिया प्रदेशात आढळतात. दुसरा उपाय म्हणजे क्रूसाकृती आराखडा.

चार बाहू समान असलेल्या साध्या क्रूसाच्या आराखड्यात बारा कोपरे येतात. त्यांपैकी आठ बाहेरच्या बाजूस आणि चार मध्यचौकाकडे वळलेले असतात. प्रत्येक कोपऱ्यात ओंडके एकमेकांना जखडलेले असल्याने तो कोपरा भिंतीला आधार देतो. कोणतीही सलग भिंत फार लांब राहत नाही. परिणामी मध्यम लांबीच्या ओंडक्यांतून मोठ्या मंडळीला पुरेल असे सभागृह उभे राहते. म्हणजेच क्रूसाचा आकार हा श्रद्धेचे प्रतीक आहे, त्याचप्रमाणे लाकडाच्या मर्यादेवर शोधलेले ते तांत्रिक उत्तरही आहे.

या आराखड्याचा वैचारिक उगम मात्र दूरचा आहे. मध्यबिंदूभोवती सर्व बाजू समतोल असलेली केंद्रवर्ती इमारत ही इटालियन प्रबोधनकाळातील आदर्श कल्पना होती. स्वीडनमध्ये या कल्पनेला ज्याँ द ला व्हाले या वास्तुविशारदाने स्टॉकहोमच्या कातारिना चर्चच्या आराखड्यात स्थान दिले. हे चर्च सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. राजधानीतील अशा चर्चचा प्रभाव पुढील पिढ्यांत फिनलंडच्या लाकडी चर्चवर पडला. विटा आणि दगडातील शहरी कल्पना ग्रामीण सुतारांनी आपल्या साहित्यात उतरविली आणि तसे करताना ती आपल्या गरजेप्रमाणे बदलली.

इ) छत आणि घुमट

चर्चच्या चारही बाहूंवर लाकडी गजपृष्ठाकार छत आहे. मध्यचौकात जिथे बाहू एकत्र येतात, तिथे अष्टकोनी घुमटासारखे छत उंचावलेले आहे. बाहेरून पाहताना हा घुमट दिसत नाही. तो उंच, उतरत्या छपराच्या पोटात सामावलेला आहे. युनेस्कोच्या मूल्यमापनात प्रबोधनकालीन केंद्रवर्ती आराखडा आणि गॉथिक छेदक कमानछतापासून आलेले जुने आकार यांचा हा संयोग विशेषत्वाने नोंदविला आहे.

दगडी कमानछत आणि लाकडी कमानछत यांत रचनेच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. दगडी कमान स्वतःच्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून तिला जाड भिंती व बाह्य आधार लागतात. लाकडी छतात वळणदार फासळ्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात आणि त्यांचा भार छपराच्या सांगाड्यावर सोपविता येतो. त्यामुळे ओंडक्यांच्या भिंतींवर फारसा दाब न येता आत कमानीचा आभास निर्माण होतो. कार्ले येथील चैत्यगृहात दगडाने लाकडी छताचे रूप घेतले आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पेतायावेसी येथे लाकडाने दगडी छताचे रूप घेतले. साहित्य बदलले तरी पवित्र जागेची मनात रुजलेली प्रतिमा सहजासहजी बदलत नाही, असे या दोन्ही उदाहरणांवरून म्हणता येईल.

छपरावर लाकडाच्या पातळ फळकुट्या कौलांप्रमाणे एकावर एक बसविलेल्या आहेत. अशा छपरांना पाईनच्या लाकडापासून काढलेले डांबर लावण्याची पद्धत उत्तर युरोपात रूढ होती. डांबरनिर्मिती हा त्या काळी फिनलंडमधील महत्त्वाचा ग्रामीण उद्योग होता. भिंत, छप्पर आणि छपराचा रक्षक लेप या तिन्ही गोष्टी एकाच वृक्षाने दिल्या, ही बाब उल्लेखनीय आहे.

ई) अंतर्भाग

चर्चच्या आत प्रवेश केल्यावर प्रथम जाणवते ते न रंगविलेले लाकूड. भिंती, छत, बाके, सज्जांचे कठडे आणि जमीन यांचे लाकूड अडीच शतकांत काळवंडून तपकिरी झाले आहे. तासणीच्या खुणा अनेक ठिकाणी स्पष्ट दिसतात. एकोणिसाव्या शतकात फिनलंडमधील अनेक लाकडी चर्चवर फळ्यांचे आच्छादन आले, रंग देण्यात आले, शेगड्या बसविण्यात आल्या. पेतायावेसीचा अंतर्भाग या बदलांपासून बऱ्याच अंशी दूर राहिला.

अंतर्भागातील सर्वाधिक लक्षवेधी घटक म्हणजे कोरीवकाम असलेले उपदेशपीठ. त्याच्या तळाशी संत ख्रिस्तोफर यांची लाकडी मूर्ती असून तिने उपदेशपीठाचा भार पेलला आहे, अशी रचना आहे. पीठावर देवदूतांच्या आकृती आहेत. शरीराची प्रमाणे आणि चेहरे यांत शास्त्रोक्त शिल्पकलेचा सफाईदारपणा नाही. परंतु लोककलेतील निरागसता आणि आत्मविश्वास त्यांत भरभरून आहे.

ल्यूथरपंथी चर्चमध्ये संताची मूर्ती कशी, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. स्वीडनच्या राज्यातील धर्मसुधारणा प्रतिमांच्या बाबतीत तुलनेने सौम्य होती. संतांची उपासना थांबली, पण प्रतिमांचा सरसकट विध्वंस झाला नाही. ख्रिस्ती आख्यायिकेनुसार ख्रिस्तोफर याने बालख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी पार केली. त्याच्या नावाचा अर्थच ‘ख्रिस्ताला वाहून नेणारा’ असा आहे. ल्यूथरपंथी दृष्टीने उपदेशपीठावरून ख्रिस्ताचे वचन सांगितले जाते. मग वचनाचे पीठ पेलण्यासाठी ख्रिस्ताला पेलणाऱ्याची निवड अर्थपूर्ण ठरते. पाणी ओलांडून चर्चला येणाऱ्या मंडळीला ही प्रतिमा विशेष जवळची वाटली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

केंद्रवर्ती आराखड्यात चारही बाहूंतील सर्वांना वेदी सारखी दिसत नाही. मध्यचौकातून उच्चारलेला शब्द मात्र चारही बाजूंना पोहोचतो. म्हणून क्रूसाकृती आराखडा हा प्रवचनप्रधान उपासनेला अनुकूल ठरला. स्त्रिया व पुरुष स्वतंत्र बाजूंना बसण्याची आणि सामाजिक स्थानानुसार बाके ठरविण्याची पद्धत त्या काळी सर्वत्र रूढ होती. देवापुढे सर्व समान असले तरी बाकांवर ग्रामव्यवस्थेची उतरंड कायम होती, हेही नमूद केले पाहिजे.

उपयोगातून बाहेर पडणे आणि पुनर्शोध

लोकसंख्या वाढल्यावर जुनी इमारत अपुरी पडू लागली. १८७९ मध्ये पेतायावेसी येथे नवे चर्च पूर्ण झाले आणि जुन्या चर्चमधील नियमित उपासना थांबली. युरोपात अशा परिस्थितीत जुने लाकडी चर्च पाडून त्याचे लाकूड विकणे किंवा अन्य बांधकामात वापरणे सर्रास घडत असे. येथे तसे घडले नाही. याची कारणे व्यावहारिक होती. चर्चभोवतीची दफनभूमी वापरात राहिली आणि घंटा जुन्या मनोऱ्यातच राहिल्या. ज्या जागी पूर्वज विसावले आहेत आणि जिथून मृत्यूची घंटा वाजते, ती जागा लोकांच्या आयुष्यातून पूर्णपणे बाद झाली नाही.

या उपेक्षेचा एक अनपेक्षित लाभ झाला. वापर नसल्याने इमारतीत सुधारणाही झाल्या नाहीत. नव्या शेगड्या, नवे रंग आणि नव्या खिडक्या यांचा खर्च नव्या चर्चवर झाला. जुने चर्च जसे होते तसे राहिले. मात्र उपेक्षा म्हणजे संरक्षण नव्हे. छप्पर गळू लागले की लाकडी इमारतीचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

१९२० च्या दशकात व्हिएन्ना विद्यापीठातील कलेतिहासकार योझेफ स्ट्रिगोव्हस्की यांनी या चर्चच्या मूल्याकडे लक्ष वेधले आणि १९२९ पासून दुरुस्तीच्या कामास प्रारंभ झाला. स्ट्रिगोव्हस्की यांनी उत्तरेकडील वंशांच्या श्रेष्ठत्वावर आधारित जे सिद्धांत मांडले, ते आज त्याज्य ठरले आहेत. परंतु लाकडी वास्तुकला ही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हा त्यांचा आग्रह उपयुक्त ठरला. संशोधकाची दृष्टी सदोष असूनही त्याचे निरीक्षण मोलाचे असू शकते आणि या दोहोंत भेद करणे हे पुढील अभ्यासकांचे काम असते.

जतनाचे प्रश्न

१९९४ च्या डिसेंबरमध्ये हे चर्च जागतिक वारसा यादीत आले. वास्तुप्रकाराचे उत्कृष्ट उदाहरण या चौथ्या निकषावर त्याची निवड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमधील नारा येथे वारशाच्या अस्सलपणाविषयीचा दस्तऐवज तयार झाला होता. लाकडी इमारतींत खराब झालेले भाग वेळोवेळी बदलावे लागतात. मग इमारत मूळची राहते काय, असा प्रश्न निर्माण होतो. नारा दस्तऐवजाने अस्सलपणा केवळ मूळ साहित्यात न पाहता रचना, कारागिरी, उपयोग, परंपरा आणि भावमूल्य यांतही पाहावा, अशी भूमिका मांडली. छपराची फळकुटी बदलली तरी ती त्याच पद्धतीने घडविली असेल तर परंपरा अखंड राहते. त्यासाठी इमारतीइतकेच कारागिरीचे जतन आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न स्थानाचा आहे. धोक्यात आलेली लाकडी वास्तू उचलून संग्रहालयात नेणे हा एक मार्ग आहे. सतराव्या शतकातील करुना येथील चर्च १९१२ मध्ये हेलसिंकीच्या सेउरासारी खुल्या संग्रहालयात हलविण्यात आले. त्यामुळे ती इमारत वाचली, परंतु तिचे मूळ गाव आणि परिसर तिच्यापासून दुरावले. पेतायावेसीचे चर्च आपल्या पाण्याकाठी, आपल्या दफनभूमीजवळ उभे आहे. त्याचा अर्थ परिसरासह समजतो.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न आगीचा आहे. यिलिव्हिएस्का येथील १७८६ चे लाकडी चर्च मार्च २०१६ मध्ये ईस्टरच्या वेळी लावलेल्या आगीत भस्मसात झाले. कीहतेलिसवारा येथील अठराव्या शतकातील चर्चही सप्टेंबर २०१८ मध्ये आगीत नष्ट झाले. दोन शतकांहून अधिक काळ थंडी, बर्फ आणि युद्धे सोसलेल्या इमारती काही तासांत नाहीशा झाल्या. डांबर लावलेले जुने, कोरडे लाकूड पेटल्यावर वाचविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून अशा वास्तूंचे सविस्तर मोजमाप, छायाचित्रण आणि नोंदणी आगाऊ करून ठेवणे हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.

चौथा प्रश्न उपयोगाचा आहे. पेतायावेसीचे जुने चर्च गरम केले जात नाही. उन्हाळ्यात तेथे उपासना व विवाहविधी होतात आणि पर्यटक येतात. कृत्रिम उष्णतेने लाकडातील ओलावा वेगाने बदलतो आणि तडे जातात. म्हणून वर्षातील मर्यादित वापर हा इमारतीच्या प्रकृतीला मानवणारा आहे. संपूर्ण बंद ठेवलेली वास्तू मृत होते आणि अतिवापराने झिजते. या दोहोंमधील मार्ग येथे काढलेला दिसतो.

निष्कर्ष

१) पेतायावेसी चर्चची उभारणी ही विरळ वस्तीच्या ग्रामीण समाजाच्या प्रत्यक्ष गरजेतून झाली. स्थानाची निवड जलमार्गांवर आधारित होती.
२) क्रूसाकृती आराखड्यात धार्मिक प्रतीक, प्रवचनप्रधान उपासना आणि ओंडकाकामाची तांत्रिक गरज या तिन्हींचा मेळ साधला गेला.
३) शहरी व अभिजात कल्पना लोककारागिराने जशाच्या तशा उचलल्या नाहीत. साहित्य आणि समाज यांना अनुसरून त्याने त्यांची पुनर्रचना केली.
४) १७७६ नंतरच्या केंद्रीय मंजुरीच्या पद्धतीमुळे अशा स्वतंत्र निर्मितीला मर्यादा पडल्या. त्यामुळे त्यापूर्वीच्या वास्तूंचे मूल्य अधिक आहे.
५) नव्या चर्चच्या उभारणीमुळे जुन्या चर्चचे मूळ स्वरूप टिकले. दफनभूमी व घंटा यांचा अखंड वापर हा त्याच्या बचावातील निर्णायक घटक होता.
६) लाकडी वारशाच्या जतनात साहित्याइतकेच कारागिरी, परिसर आणि उपयोग यांना स्थान द्यावे लागते.

समारोप

याको लेप्पानेनला आपली वास्तू जागतिक वारसा ठरेल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याच्या समोर होती ती पावसापाण्यात आणि बर्फात टिकेल, मंडळीला सामावून घेईल आणि गावाला शोभेल अशी इमारत उभी करण्याची जबाबदारी. ती त्याने आपल्या हातातील कौशल्याने पार पाडली. त्याच्या नातवाने तिच्यात भर घातली आणि पुढील पिढ्यांनी, कधी गरजेपोटी तर कधी जाणिवेने, ती राखली. ग्रामीण वास्तूंचा अभ्यास करताना केवळ शैली आणि सनावळी यांवर न थांबता कारागीर, साहित्य, उपासना आणि गावाचे दैनंदिन जीवन यांचा एकत्रित विचार केला पाहिजे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. ज्या वास्तूंना राजाचे नाव चिकटलेले नाही त्यांची नोंद त्या उभ्या आहेत तोवरच करता येते. यिलिव्हिएस्का आणि कीहतेलिसवारा येथील राखेने हे पुरेशा गांभीर्याने सांगितले आहे.